साडेचार सेकंद

नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागली की प्रा. ज्योत्स्ना गावंडे ती वाचायला कधी थांबत नसत. बहुतेक वेळा ती त्यांनीच केलेली असे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या धामणघाटच्या कॉलेजात त्या बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होत्या, आणि त्यातली चौदा वर्षं हजेरी समितीच्या प्रमुख होत्या. पोरं मागून त्यांना 'पंचाहत्तर टक्के' म्हणायची. सत्रभर तोंड न दाखवणारा एखादा बहाद्दर शेवटच्या आठवड्यात काविळीचं सर्टिफिकेट घेऊन आला की मॅडम त्याला खिडकीपाशी उजेडात उभा करायच्या, डोळे पांढरेशुभ्र आहेत म्हणायच्या आणि कागद फाडून त्याच्याच हातात द्यायच्या.

या वर्षी मात्र यादी यंत्रानं केली होती आणि विद्यापीठातून थेट छापून आली होती. मॅडम बोर्डापुढून जाता जाता थबकल्या, कारण पहिलंच नाव त्यांच्या ओळखीचं होतं. कासदेकर सुगंती, द्वितीय वर्ष, भौतिकशास्त्र, एकतीस टक्के.

सुगंती पहिल्या बाकावर बसायची. मेळघाटातल्या अगदी आतल्या गावची, कोरकू घरातली मुलगी. आश्रमशाळेत शिकलेली. ताप असला तरी शाल गुंडाळून तासाला येणारी. या पोरीची हजेरी एकतीस टक्के असेल तर बाकीच्या वर्गानं कॉलेजचं फाटकही बघितलेलं नसणार. मॅडम तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या.

"सर, ही यादी चुकली आहे."

प्राचार्य डॉ. भारसाकळे हे कुणाच्याच अध्यातमध्यात न पडता निवृत्तीपर्यंत पोचायचं ठरवलेले गृहस्थ होते. "यादी मशीनची आहे, मॅडम," ते म्हणाले. "चुकायला तिथं माणूस आहे कुठं?"

"सुगंती कासदेकर एकही तास चुकवत नाही. मी रोज तिला समोर बघते."

"तुम्ही शरीर बघता. आता हजेरी मनाची आहे."

हे वाक्य विद्यापीठाच्या परिपत्रकातलं होतं. भारसाकळे सरांना ते फार आवडलं होतं, असं दिसलं.

पूर्वी हजेरी शरीराची होती आणि तिच्यात चोऱ्या होत. एक जण चार जणांच्या नावानं 'येस सर' म्हणायचा. मग अंगठा आला, मग चेहरा ओळखणारा कॅमेरा आला. पोरं कॅमेऱ्याला चेहरा देऊन बाकाखाली मोबाइल बघत बसू लागली. तेव्हा विद्यापीठानं बिब्बा आणला. काळा, रुपयाएवढा, कानामागे चिकटवायचा. कंपनीनं त्याला लांबलचक संस्कृत नाव दिलं होतं, पण पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचा बिब्बा करून टाकला.

त्यामागचं शास्त्र खोटं नव्हतं, हे मॅडमनाही मान्य होतं. माणूस बोलणं लक्ष देऊन ऐकतो तेव्हा त्याच्या मेंदूतली बारीकशी विद्युत लहर त्या बोलण्याबरोबर चढते-उतरते. साठ जण एकच व्याख्यान ऐकत असतील तर साठांच्या लहरी पुष्कळशा सारख्या चालतात. ज्याचं मन बाहेरच्या क्रिकेटमध्ये आहे त्याची लहर एकटीच भलतीकडे जाते. बिब्बा ही लहर टिपायचा. वर्गातली लक्ष देणारी दहा मुलं हा संदर्भ गट, आणि त्या दहांच्या लहरींची सरासरी ही वर्गाची संदर्भरेषा. बाकी प्रत्येकाची लहर त्या रेषेशी ताडायची. दोन सेकंद मागंपुढं चालेल, त्याहून जास्त नाही. जुळली तर ते मिनिट हजर, नाही जुळली तर गैरहजर. पंचाहत्तर टक्के मिनिटं भरली तर टर्म ग्रँट, म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी, आणि विषयाचे चार श्रेयांक.

संदर्भ गट विषयशिक्षकानं निवडायचा होता. मॅडमनी जूनमध्ये पाच मिनिटांत निवडून टाकला होता. चुणचुणीत, प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारी दहा मुलं. दहाच्या दहा इंग्रजी शाळेतली आहेत, हे तेव्हा त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

समितीप्रमुख म्हणून एका तासाच्या कच्च्या नोंदी मागवायचा अधिकार त्यांना होता. चार दिवसांनी दोन लांब पट्ट्या छापून आल्या. एक संदर्भरेषा, एक सुगंतीची लहर. नुसत्या डोळ्यांना दोन्हींचा काही संबंध दिसत नव्हता. मॅडमनी प्रयोगशाळेतला ट्रेसिंग पेपर घेतला, सुगंतीची लहर त्यावर उतरवली आणि दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. मग वरचा कागद हळूहळू डावीकडे सरकवू लागल्या. एक मिलिमीटर, दोन, पाच. नवव्या मिलिमीटरला लहर रेषेवर जाऊन अशी बसली की जणू एकच पेन्सिल दोनदा फिरली होती. चढावर चढ, उतारावर उतार. पट्टीवर एका सेकंदाला दोन मिलिमीटर होते. म्हणजे पोरगी साडेचार सेकंद मागं होती. शब्द न् शब्द ऐकत होती, फक्त मागून येत होती.

मॅडमना आधी हसू आलं. मग राग आला.

त्यांनी सुगंतीला प्रयोगशाळेत बोलावलं.

"वर्गात काय करतेस तू?"

"ऐकते, मॅडम."

"नीट सांग. मी एक वाक्य बोलले, की तू काय करतेस?"

सुगंती हातातल्या स्टॉपवॉचकडे बघत राहिली. तिला हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. "तुमचं वाक्य आलं की मी त्याले धरून ठेवते," ती म्हणाली. "मनात पुन्हा म्हनते. पयले मराठीत करते. मंग घरच्या बोलीत, कोरकूत. तिथं बसलं की समजलं. नाई बसलं तर तुमाले विचारते."

"आणि तोवर मी पुढं गेलेली असते."

"हो. मंग मी मांगून येते. सापडता तुमी."

तिचे प्रश्न उशिरा का येतात ते मॅडमना आत्ता कळलं. गेल्या महिन्यात उष्णतेचा धडा चालू होता. गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे उष्णता वाहते, असं सांगून मॅडम पुढच्या समीकरणावर गेल्या, आणि मग सुगंतीचा हात वर आला. गरम लोखंडाचं वजन जास्त भरत नाही, मग त्यातून थंड लोखंडात वाहून जाते ती कोणती वस्तू? पुढच्या बाकावरची मुलं हसली होती. मॅडम हसल्या नव्हत्या. याच प्रश्नापाशी दोनेकशे वर्षांपूर्वी मोठमोठे शास्त्रज्ञ डोकं धरून बसले होते, आणि उष्णता ही वस्तूच नव्हे हे तिथूनच हळूहळू उजेडात आलं. बावीस वर्षांत तो प्रश्न मॅडमना कुणी विचारला नव्हता. आणि ही मुलगी म्हणे गैरहजर.

त्यांनी विद्यापीठाला चार पानी पत्र लिहिलं. ट्रेसिंग पेपर जोडला. दोन सेकंदांची मर्यादा सहा सेकंद करा, एवढीच मागणी. तीन आठवड्यांनी उत्तर आलं ते तीन ओळींचं. दोन सेकंदांची मर्यादा शास्त्रीय आहे. तीत बदल केल्यास प्रणालीच्या विश्वासार्हतेस बाधा येईल. सबब संबंधित विद्यार्थिनीस लक्षसुधार वर्गात पाठवावे.

"सबब म्हणतात," मॅडम स्टाफरूममध्ये म्हणाल्या. "पोरीनं माझं प्रत्येक वाक्य तीनदा ऐकलं. एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत, एकदा कोरकूत. आणि सुधारायचं तिनं."

सगळ्यांनी आपापले कप उचलले. स्टाफरूममधल्या लोकांना चहा पिताना राग आवडत नाही.

भारसाकळे सरांनी त्यांना बाजूला घेतलं. "कशाला डोकं फिरवून घेता? तिला एक सर्टिफिकेट आणायला सांगा. कावीळ म्हणा, टायफॉइड म्हणा. यादीतल्या तेरा जणांचं मी घेतलंय. तुम्ही फक्त तिकडं बघू नका."

दुसऱ्याच दिवशी सुगंती स्वतः आली. टर्म ग्रँट झाली नाही तर आदिवासी वसतिगृहातली जागा जाणार होती. सत्तर किलोमीटरवरच्या गावाहून रोज येणं शक्य नव्हतं. जागा गेली म्हणजे भौतिकशास्त्र गेलं, एवढा सरळ हिशेब होता.

"पोरी म्हनतात, कावीळ झाल्याचं लिहून आन. मले तर झाली नाई. काय करू?"

मॅडमच्या जिभेवर 'आण' हा शब्द आला होता. एक शब्द. पण चौदा वर्षं फाडलेले कागद आडवे आले. "खोटं नको आणूस," त्या म्हणाल्या. "तू काही चोरी केलेली नाहीस. एवढं सत्र तो सुधार वर्ग करून टाक. मी वर भांडते आहेच." आणि त्यांनी सुगंतीच्या सुधार वर्गाच्या अर्जावर सही केली. सही करताना आपण योग्य तेच करतोय, अशी त्यांची पक्की खात्री होती.

सुधार वर्ग कंपनीचा एक तरतरीत पोरगा घ्यायचा. रोज संध्याकाळी पाच ते सात, वर संगणक कक्षात. समोर पडद्यावर रेकॉर्ड केलेलं व्याख्यान चालायचं आणि प्रत्येकाच्या बाकावर एक दिवा असायचा. लहर जुळली की हिरवा, मागं पडली की लाल. शब्दाच्या मागे जाऊ नका, आवाजाबरोबर चला, असं तो सांगायचा. बिब्ब्याला समजल्याची लहर आणि नुसत्या आवाजाची लहर यांतला फरक कळत नाही, हे कंपनीच्या माहितीपत्रकात कुठंच नव्हतं. मॅडमनीही तो वर्ग आत जाऊन कधी बघितला नाही. त्या पत्रं लिहीत होत्या. कुलगुरूंना, परीक्षा मंडळाला, मग दोन वर्तमानपत्रांना. सुधार वर्गाची मिनिटं धरून डिसेंबरमध्ये सुगंतीची हजेरी शहात्तर झाली. टर्म ग्रँट झाली. तिनं प्रश्न विचारणं बंद केलं होतं, पण पोरगी दमली असेल असं मॅडमनी मनाला सांगितलं.

जानेवारीत विद्यापीठात शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. वातानुकूलित सभागृह, दीडशे प्राध्यापक, प्रत्येकाच्या कानामागे बिब्बा. बंगळूरहून आलेला एक वक्ता फर्ड्या इंग्रजीत तासभर बिब्ब्याचे गोडवे गात बोलला. त्याला खोडून काढायचं म्हणून मॅडम एकेक वाक्य टिपून घेत होत्या. सभागृहात त्यांच्याइतकं लक्ष दुसरं कुणी देत नसावं. व्याख्यान संपल्यावर गंमत म्हणून सगळ्यांचे आकडे पडद्यावर आले. गावंडे जे., बेचाळीस टक्के.

"मॅडम, जेवण जड झालं वाटतं," शेजारचा तरुण प्राध्यापक म्हणाला आणि ती रांग हसली.

मॅडमही हसल्या. मग बाहेर व्हरांड्यात येऊन खांबाला टेकून उभ्या राहिल्या. नगरपालिकेच्या शाळेतली मुलगी. विद्यापीठाचं सुवर्णपदक. बावीस वर्षं इंग्रजीतून शिकवलेलं. आणि अजूनही दुसऱ्याचं इंग्रजी वाक्य आलं की ती मुलगी ते आत नेऊन मराठीत उलटून बघत होती, तेव्हा कुठं तिला पटत होतं. हे त्यांनी कधी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, कारण त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. हा बिब्बा तीस वर्षांपूर्वी असता तर आपण पहिल्या सत्रातच घरी गेलो असतो, हे त्यांना उभ्या उभ्या कळलं. त्यांना इतका संताप आला की परतीच्या बसमध्ये त्या शेजारणीशी एक शब्द बोलल्या नाहीत.

घरी येऊन त्यांनी नियमपुस्तिका काढली. नियम अकरा. संदर्भ गट सत्रारंभी विषयशिक्षक निवडतील व त्यांची निवड अंतिम राहील. बस्स, एवढंच. इंग्रजी शाळेतलीच मुलं घ्या असं कुठं म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या सत्राच्या पहिल्या दिवशी मॅडमनी नवे दहा निवडले. सगळे आश्रमशाळा नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेतले, लक्ष देऊन ऐकणारे, आणि बहुतेक काविळीच्या कागदावर सुटलेल्या तेरांतले. सुगंतीला घ्यायची त्यांची फार इच्छा होती, पण सुधार वर्ग केलेल्या विद्यार्थ्याला संदर्भ गटात घेता येत नव्हतं. आता वर्गाची संदर्भरेषाच साडेतीन-चार सेकंद उशिरा धावणार होती, आणि पटकन समजणारे सगळे तिच्या पुढं पळून गैरहजर होणार होते. हेही अन्यायाचंच आहे, हे मॅडमना कळत होतं. कळूनही त्यांनी केलं.

फेब्रुवारीत यादी लागली. या वेळी मॅडम बोर्डापाशी गेल्या त्या मुद्दाम. जुन्या संदर्भ गटातली दहाच्या दहा नावं तिथं होती, आणि चौथं नाव होतं संस्थेचे सचिव वडनेरकर साहेबांच्या मुलीचं, ओजस्वीचं. एकोणतीस टक्के. मॅडमना लाज वाटावी इतका आनंद झाला. मग त्यांची नजर खाली गेली. अकरावं नाव कासदेकर सुगंती. तेहेतीस टक्के.

भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला हे समजायला साडेचार सेकंदही लागत नाहीत. मागून येणाऱ्या रेषेशी सुगंती जुळत नव्हती, याचा अर्थ ती आता मागून येत नव्हती. ती आवाजाबरोबर चालत होती. मॅडमना ते कळलं आणि त्यांनी ते बाजूला ठेवलं, कारण फाटकातून वडनेरकरांची गाडी आत येत होती. भांडण सोपं होतं. सुगंतीसमोर जाणं अवघड होतं.

"माझी पोरगी लक्ष देत नाही म्हणता?" वडनेरकर प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभ्यानंच म्हणाले. त्यांच्या मागं ओजस्वी मान खाली घालून उभी होती.

"मी नाही म्हणत. मशीन म्हणतं."

"मशीन बिघडलंय मग."

"नाही हो. मर्यादा शास्त्रीय आहे. ऑक्टोबरमध्ये मला लेखी आलंय." मॅडमनी पर्समधून पत्राची घडी काढून टेबलावर ठेवली. "तीन ओळींचं आहे. वाचा. सबब तिला सुधार वर्गात पाठवावं लागेल."

भारसाकळे सरांनी पाण्याचा ग्लास पुढं केला, पण तो कुणाला द्यावा हे त्यांना ठरवता येईना.

"मॅडम," ओजस्वी म्हणाली, "मी खरंच ऐकत होते."

"माहिती आहे मला, बाळ," मॅडम म्हणाल्या. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते बघून मॅडमना बरं वाटलं नाही. "तुझ्या वडिलांना विचार, सप्टेंबरमध्ये दुसरी एक मुलगी ऐकत होती तेव्हा ते कुठं होते."

जे पाच महिने शास्त्राला धरून नव्हतं ते आठ दिवसांत झालं. नव्या संशोधनाच्या आधारे मर्यादा मागंपुढं दोनऐवजी सहा सेकंद करण्यात येत आहे, असं परिपत्रक निघालं. कोणतं संशोधन, कुणाचं, एक ओळ नाही. मॅडमच्या ट्रेसिंग पेपरचा उल्लेख तर नाहीच. सुधारित यादीत कुणाचंच नाव राहिलं नाही. स्टाफरूममध्ये पेढे आले. आजवर गप्प बसलेले सगळे मॅडमना म्हणाले की तुम्ही लढलात म्हणून झालं.

मॅडमनी कागदात गुंडाळून दोन पेढे घेतले आणि प्रयोगशाळेत गेल्या. सुगंती एकटीच तापमापक धुऊन ठेवत होती.

"झालं, सुगंती. आता तुझा वेळ घेऊन ऐक. कुणी तुला गैरहजर म्हणणार नाही. जिंकलो आपण."

"तुमी जिंकल्या, मॅडम," सुगंती म्हणाली. तिनं पेढा घेतला आणि टेबलावर ठेवला.

मॅडमनी तिचाच जुना प्रश्न तिला विचारला, कारण दुसरं काही सुचेना. "गरम लोखंडातून थंड लोखंडात जातं ते काय गं?"

उत्तर ताबडतोब आलं. "हीट इज एनर्जी इन ट्रान्झिट ड्यू टू टेम्परेचर डिफरन्स."

अगदी बरोबर होतं. पुस्तकात असंच आहे. "म्हणजे काय?" मॅडमनी विचारलं.

सुगंतीनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"मराठीत सांग. नाहीतर कोरकूत मनाशी म्हणून बघ, पूर्वी म्हणायचीस तसं."

"नाई जात तिकडं." सुगंतीनं हातातला तापमापक ठेवला. ती रडत नव्हती. मॅडमनी तिला आजवर कधी चिडलेलं बघितलं नव्हतं, म्हणून हा चेहरा ओळखायला त्यांना वेळ लागला. "तिथं सर म्हनायचे, शब्दाच्या मांगं नोको जाऊ. मांगं गेलं की लाल दिवा लागे, सारे पाह्यत. मी सोताले थांबवलं. रोज दोन तास, मंग दिवसभर. वाक्य आलं की जाऊ द्याचं. आता सारं येते आन् जाते. मार्क पडतात. समजत काईच नाई."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमीच तर सही केली व्हती." ती थांबली आणि मग थांबायचं नाही असं ठरवल्यासारखी बोलत राहिली. "तुमी मशीनसंग भांडत व्हत्या. त्या साहेबासंग भांडत व्हत्या. मले एकदा बी इचारलं नाई का तू त्या वर्गात काय करून राह्यली. काविळीवाले तेरा पोरं हायेत ना, त्यायचं डोकं जागेवर हाय. मी खरं बोलली, मंग माह्यंच गेलं."

 बाजू मांडण्यासारखं मॅडमजवळ काही नव्हतंच.

"परत येईल ते," त्या शेवटी म्हणाल्या. "मी काय करू सांग. जादा तास घेऊ?"

"नोको, मॅडम. तुमी लई बोलता." सुगंती हे शांतपणे म्हणाली, म्हणून ते जास्त लागलं. "तुमी थांबतच नाई. मशीन नव्हतं तवाबी थांबत नव्हत्या. मी तुमच्या मांगं धावत व्हती आन् तुमाले वाटे, मी ऐकून राह्यली. थोडं गप्प बसून पाहा."

ती निघून गेली. पेढा टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या तासाला मॅडम वर्गात आल्या. साठ कान, साठ बिब्बे. दाराशेजारच्या छोट्या पडद्यावर वर्गाची हजेरी दिसत होती, शहाऐंशी टक्के. सुगंती पहिल्या बाकावर होती.

"गरम लोखंडाला थंड लोखंड टेकवलं," मॅडम मराठीत म्हणाल्या. "थोड्या वेळानं दोन्ही कोमट झाली. एकातून दुसऱ्यात नेमकं काय गेलं? आपापल्या भाषेत, आपापल्या वहीत लिहा. पुस्तकातलं वाक्य नको." आणि त्या खुर्चीवर बसल्या.

पहिली पाच मिनिटं पोरं एकमेकांकडे बघत राहिली. मॅडमना घसा खाजवल्यासारखं होत होतं. बावीस वर्षांत त्या वर्गात पाच मिनिटं गप्प बसल्या नव्हत्या. मग कुणीतरी वही उघडली. हळूहळू सगळ्यांनी उघडल्या. ज्याच्यामागं सगळ्यांनी चालावं असा आवाजच वर्गात नव्हता, म्हणून प्रत्येकाचं डोकं आपापल्या वाटेनं निघालं. संदर्भ गटातली दहा डोकीही दहा दिशांना गेली. पडद्यावरचा आकडा साठवर आला, चाळीसवर आला, मग अकरा, मग चार. शेवटी पडद्यावर शून्य दिसू लागलं.

भारसाकळे सर धापा टाकत दारात आले. त्यांच्या हातात मोबाइल होता. "मॅडम, तास चालू आहे ना? सगळा वर्ग गैरहजर दाखवतंय."

"चालू आहे."

"पण तुम्ही तर काही बोलत नाही आहात."

"नाही."

"अहो, अशानं एकाही पोराची टर्म ग्रँट होणार नाही. आत्ता कुठं निस्तरलंय सगळं. काहीतरी बोला की. काहीही बोला."

"यादी लावा," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, पण त्या आवाजानं सर एक पाऊल मागं सरले. "सगळ्या वर्गाची लावा. ओजस्वी वडनेरकरचं नाव विसरू नका. खाली सही मी करते. आणि दार लोटून घ्या, मुलं विचार करताहेत."

सर गेले. मॅडमनी वर्गाकडे बघितलं. मागच्या बाकावर दोघं हळू आवाजात वाद घालत होते. ओजस्वी पेन चावत छताकडे बघत होती. सुगंतीनं एक ओळ लिहिली, खोडली. पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. ती कोणत्या भाषेत पुटपुटते आहे हे मॅडमना कळत नव्हतं, आणि ती भाषा कोरकू असली तरी त्यातला एक शब्दही आपल्याला येत नाही, हे त्यांच्या आज पहिल्यांदा ध्यानात आलं.

घंटा झाली. पोरं उठली, बाक वाजले, पुढच्या तासाच्या वर्गाची गर्दी दारात जमली. सुगंतीनं मान वर केली नाही.

"झालं का?" मॅडमनी विचारलं.

"थांबा," सुगंती म्हणाली.

मॅडम थांबल्या.